पलीकडची

बायको गेल्याचं त्याला कळलं ते एका सोमवारी, कामावर, शटरच्या स्प्रिंगला पीळ भरताना. तसं ती गेली तेव्हा तो तिच्या खाटेशेजारीच स्टुलावर बसला होता. डॉक्टर बोलले ते त्यानं ऐकलं, मान हलवली, जिथं बोट ठेवलं तिथं सही केली. पुढचं सगळं मुलीनं पाहिलं. फोन तिनं केले. काय झालं, कसं झालं, हे येणाऱ्या प्रत्येकाला तिनं सांगितलं, आणि तो भिंतीला टेकून बसून राहिला. लोक त्याचा हात हातात घेत, थोडा वेळ धरून ठेवत, जात. स्वतःच्या तोंडानं ते वाक्य त्याला एकदाही म्हणावं लागलं नाही. मग तो कामावर जायला लागला. आणि त्या सोमवारी शिडीवर उभा राहून पान्हा फिरवत असताना खालून भोंगा ओरडला. भोंगा म्हणजे त्याचा जोडीदार, ज्याचं कुजबुजणंही रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. "अहो, खांद्यांना शिंगं फुटलीत की तुमच्या!" दुकानदार हसला, दुकानातलं गिऱ्हाईक हसलं. तो खाली उतरला आणि दुकानाच्या काचेत त्यानं स्वतःला पाहिलं. शर्टाच्या दोन्ही खांद्यांवर कापड टोकदार होऊन वर आलं होतं, कुणीतरी चिमटीत धरून उचलावं आणि मग विसरून जावं तसं. त्यानं हातानं दाबलं. सोडलं की ते पुन्हा वर आलं. चिमट्यांच्या खुणा होत्या त्या. शर्ट त्यानं खिडकीच्या दांडीला खांद्यांतून लटकवून वाळवला होता. शर्ट वाळवायचा तर माणूस घालतो तसाच, आणखी कसा? पण काचेत पाहताना त्याला आठवलं की इतकी वर्षं आपले खांदे गोल होते. कुणीतरी ते गोल ठेवत होतं. कसे ठेवत होतं ते त्याला माहीत नव्हतं, आणि आता विचारायला कुणी नव्हतं. तो काचेसमोर उभाच राहिला. भोंग्याचं हसू ओसरलं. "अहो, गंमत केली," तो त्याच्या मानानं हळू म्हणाला. ते रस्त्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं.

शिंगांचं एक वेळ चाललं असतं, वासाचं चालेना. कपडे तो घरातच वाळवत होता. पंख्याखाली खुर्च्यांच्या पाठींवर, दाराच्या कडीला, पलंगाच्या दांड्याला. घर सगळं ओल्या बाह्यांचं झालं होतं. पाणी प्यायला उठलं तरी कुणाची तरी बाही गालाला लागायची. कपडे वाळायचे, पण त्यांना एक आंबूस वास राहायचा, फडकं बादलीत विसरल्यासारखा. त्याच्या नाकाला तो लागत नव्हता. मुलीला लागला. ती आली, तिनं तोंड धुतलं, टॉवेल तोंडाशी नेला आणि तसाच खाली आणला. तिच्या आईची सवय तिच्यात आली होती, मोठं बोलायच्या आधी गप्प व्हायची. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्याकडं चला." तो म्हणाला, इथं काय वाईट आहे? ती म्हणाली, "हा टॉवेल हुंगा." त्यानं हुंगला आणि म्हणाला, टॉवेलासारखा टॉवेल आहे. "तेच," ती म्हणाली, "तुम्हाला कळतसुद्धा नाही. उद्या आजारी पडाल आणि तेही मला टॉवेलावरूनच कळेल." तिच्या घरी त्याच्यासाठी खोली काढलेली होती. खिडकी होती, पलंग होता, भिंतीत कपाट होतं. सगळं चांगलं होतं आणि तिथं त्याला एक दिवसही राहायचं नव्हतं. या घरात चुलीपासून मोरीपर्यंत अंधारातही त्याचा पाय अडखळत नसे. बायको कुठं नाही हे त्याला या घरात नेमकं माहीत होतं, ओट्यापाशी नाही, मागच्या दारात नाही, पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला नाही. लेकीच्या घरी ती नुसतीच नसणार होती. पण हे असलं तोंडानं कसं सांगायचं? तो म्हणाला, "मला जमेल." लेक म्हणाली, "बरं. पुढच्या रविवारी येते. घराला असाच वास आला तर मुकाट्यानं बॅग भरायची. कबूल?" तो कबूल म्हणाला. शटरवाल्याचा शब्द, एकदा खाली ओढला की ओढला.

कपड्यांबद्दल बायकोनं त्याला एकदाच सांगितलं होतं, हॉस्पिटलात. नळीतून थेंब पडत होते आणि तो ते मोजण्याच्या नादात होता. ती म्हणाली, "अहो, माझ्यामागं कपडे घरात वाळत घालू नका. कुबट होतात." त्याला राग आला. माझ्यामागं म्हणजे काय, चार दिवसांत घरी येशील. "बरं, येईपर्यंत," ती म्हणाली. "मागच्या दारावरची इकडची खुंटी घट्ट आहे, तिची काळजी नाही. पलीकडची तेवढी सांभाळून घ्या. जुनी झालीय. कुरकुरते. पण एकदा धरलं की सोडत नाही." तो बरं म्हणाला. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, त्याला वाटलं दुखतंय, आणि तो नर्सला बोलवायला उठला. नर्स येईपर्यंत तिनं डोळे मिटले होते. खुंटीचं म्हणाल तर ते त्याला नवं नव्हतं. पलीकडची खुंटी घरात जुनीच होती, बोलण्यात. तो संध्याकाळी हातपाय धुऊन बसला की ती अधूनमधून सांगायची, आज पलीकडची फार कुरकुरत होती. आज पलीकडचीनं ताण दिला. एकदा तो म्हणाला, "दोन थेंब तेल घाल." तशी ती इतकी हसली की तिला भिंत धरून खाली बसावं लागलं. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. त्याला वाटलं, आपण अधूनमधून विनोदी बोलून जातो. मग तो मुद्दाम विचारायचाही, "काय म्हणते पलीकडची, तेल घातलं का?" आणि ती दर वेळी तितकीच हसायची. खुंटीवर इतकं हसणारी बाई त्यानं दुसरी पाहिली नव्हती.

शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा त्यानं घेतली. कामाला दांडी मारणं त्याला जन्मात जमलं नव्हतं, म्हणून भोंग्याला सांगतानाही तो चाचरला. "घ्या हो," भोंगा म्हणाला, "शिंगं कापून या." घरी आल्यावर त्यानं चादरी, टॉवेल, शर्ट, सगळं भिजवलं, घासलं, पिळलं. बादल्या भरल्या. मग कपाटाच्या खालच्या खणातून तिची दोरी काढली. ती दोरी तो पहिल्यांदाच नीट पाहत होता. सकाळी तो अंधारात निघायचा, परत दिवे लागल्यावर यायचा, रविवारी ती धुण्याला हात लावायची नाही. परसात दोरी बांधलेली त्यानं कधी पाहिलीच नव्हती. कपडे कपाटात असत, घडी घातलेले, आणि घडीत थोडं ऊन राहिलेलं असे. दोरी चांगली जाड, सुती, कोपर ते पंजा अशी गुंडाळलेली. तिच्या एका टोकाला एक जड नट बांधला होता. नट त्याचाच होता, मोठ्या शटरचा. कधीतरी खिशातून हरवला म्हणून त्यानं सगळं घर पालथं घातलं होतं आणि तिनंही त्याच्यासोबत पलंगाखाली वाकून शोधला होता. तो नट त्यानं तळहातावर तोलला. ओळंबा म्हणून बांधला असेल, त्याला वाटलं, आणि तेवढ्यापुरतं पटलंही. दोरी त्यानं परसात अंथरली. परस ते केवढं, दारापासून मागच्या भिंतीपर्यंत. दोरी त्याच्या दुप्पट निघाली. कमी पडायला नको म्हणून घेतली असेल, तिचं सगळं असंच असायचं, कणीक जास्त भिजवायची, पाणी जास्त तापवायची. त्यानं नटाकडचा अर्धा भाग कापून बाजूला ठेवला. चाकूला धार होती, दोरी एका ओढीत तुटली.

इकडची खुंटी दारावर होती, लोखंडी, घट्ट. तिनं सांगितलं तशी. पलीकडची कुठं दिसेना. मागच्या भिंतीवर त्यानं डोळे फिरवले, मग हात. खुंटी नव्हती, खुंटी असल्याचं भोकही नव्हतं. भिंतीच्या माथ्यावर एका जागी विटेला बोटभर गुळगुळीत खाच पडलेली होती, पाणी वाहून पडते तशी. बाकी भिंत कोरी. ही भिंत दोन घरांच्या पाठींमधली. पलीकडच्या घराचं दार दुसऱ्या रस्त्याला, तिथं जायचं तर अख्खी आळी फिरून जावं लागे, आणि त्याला कधी जावं लागलं नव्हतं. खुंटी निखळून गेली असेल, तो स्वतःशी म्हणाला. जुनीच होती. कुरकुरत होती. त्याला उगीच वाईट वाटलं, सांभाळून घ्या म्हणाली होती आणि आपण पोचायच्या आत ती गेली. मग त्यानं ड्रिल आणलं. हे तरी त्याचं काम होतं. जन्मभर त्यानं लोकांच्या भिंती पोखरल्या होत्या. वरच्या बाजूला पहिलं भोक पाडलं तर वीट भुसभुशीत, खुंटी बोटानं हलली. शेजारी दुसरं पाडलं, तीच गत. दोरी बांधून एक ओली चादर टाकली तशी खुंटी मातीसकट बाहेर आली आणि चादर जमिनीवर बसली. ती पुन्हा धुवायची झाली. ऊन दारापासून सरकून परसाच्या मध्यावर आलं होतं. बादल्यांतले कपडे स्वतःच्या ओलीत बसून होते आणि त्याला आता पहिल्यांदा स्वतःला तो वास आला, हलकासा, आंबूस, आपल्याच हातांचा. उद्या लेक येणार, टॉवेल तोंडाशी नेणार. कपाट असलेली ती चांगली खोली त्याच्या डोळ्यांपुढं आली. त्यानं जबडा आवळला. खाली वीट पक्की असते म्हणून छातीच्या उंचीला नेम धरला, लांब पातं लावलं आणि सगळं अंग घालून दाबलं. ड्रिल ओरडलं, आणि एकदम हलकं झालं. पातं मुठीपर्यंत आत गेलं होतं.

"अहो! चहात माती पडली माझ्या!"

आवाज बाईचा होता. म्हातारा, पण धार न गेलेला. त्यानं ड्रिल बाहेर ओढलं. भोकातून उजेडाची एक काडी इकडं आली.

"कोण आहे? भिंत पाडताय का काय?"

"खुंटी बसवतोय," तो म्हणाला. मग भिंतीला ऐकू जाईल की नाही अशी शंका येऊन वाकला आणि भोकाशी तोंड नेऊन पुन्हा म्हणाला, "खुंटी."

"इतकी वर्षं नव्हती ती आता कशाला? दोरी टाका की इकडं."

"इकडं म्हणजे?"

"इकडं म्हणजे माझ्याकडं! भिंतीवरून. टोकाला नट बांधलाय ना, तो फेकायचा. मी काठीनं ओढते आणि खिडकीच्या गजाला बांधते. संध्याकाळी डास येतात, खिडकी लावायची असते, तेव्हा सोडायची. एवढं साधं आहे. तिनं सांगितलं नाही?"

"तुम्ही कोण?"

"मी कोण म्हणजे? मी पलीकडची."

तो वाकलेलाच राहिला. ड्रिल हातात गरम होतं. त्याच्या डोक्यात काहीही मोठं आलं नाही. फक्त एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसायला लागली, शटरच्या पट्ट्या खाचेत बसतात तशी, खटखट करत. खाच. दुप्पट दोरी. नट. आज पलीकडची रुसली होती. आज पलीकडचीचे गुडघे धरले होते, हे तर ती एकदा बोलूनही गेली होती आणि जेवता जेवता त्यानं ते ऐकलंच नव्हतं. खुंटीला गुडघे! जुनी झालीय, कुरकुरते, सांभाळून घ्या. आणि ओठांचा तो कोपरा. दुखत नव्हतं तिला. ती हसत होती. नाकात नळी, हाताला सुई, आणि तिनं तो विनोद त्याच्यासाठी न फोडता ठेवून दिला होता, कधीतरी तो भिंतीपाशी येईल तेव्हा त्याचा त्यालाच सापडेल असा. त्याला वाटलं, आता रडू येणार, आणि तो हसला. मोठ्यानं, ड्रिल जमिनीवर ठेवून, भिंतीला हात टेकून.

"हां, तुम्हीच ते," पलीकडून आवाज आला. "तेल घाला म्हणणारे. मला दुसऱ्या दिवशी सांगितलं हो तिनं. दिवसभर हसत होते मी. म्हटलं, सांग की त्यांना. तर म्हणाली, नको, त्यांना वाटतं ते फार विनोदी आहेत. राहू दे." आवाज जरा थांबला. "कुठंय ती? हॉस्पिटलात जाते म्हणाली होती, थोडे दिवस दोरी येणार नाही म्हणाली होती. आणली का घरी? उठते का? मी रोज खिडकी उघडून ठेवते. हाकासुद्धा मारल्या, ए पलीकडचे, ए पलीकडचे! आळी फिरून यायचं तर हे गुडघे."

त्या हाका त्यानं ऐकल्या होत्या. भिंतीला टेकून बसण्याच्या दिवसांत सकाळी मागून कुणीतरी कुणाला तरी बोलवायचं, आणि त्या आवाजाचा त्रास होऊन त्यानं मागचं दार लावून घेतलं होतं. बायको या बाईची पलीकडची होती, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. आता उजेडाची ती काडी त्याच्या शर्टाच्या बटणावर पडली होती आणि सांगायला मुलगी इथं नव्हती. डॉक्टरही नव्हते.

"ती गेली," तो म्हणाला.

वाक्य इतकं लहान असेल असं त्याला वाटलं नव्हतं. तोंडातून बाहेर पडलं, भोकातून पलीकडं गेलं आणि तो रिकामा उभा राहिला. पलीकडं कप दगडावर ठेवल्याचा आवाज आला. एक पक्षी भिंतीवर बसला, त्यानं दोन्हीकडं पाहिलं आणि उडाला.

"मला वाटलंच होतं," शेवटी ती म्हणाली. "वाटलं होतं तरी खिडकी उघडत होते." नाक ओढलं. मग आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला, कुरकुरता. "ओल्या कपड्यांना असं बसवून ठेवू नका, वास धरतात. दोरी टाका."

"दोरी कापलीय मी."

"कापलीत? का?"

"लांब होती."

"लांब नव्हती. दोघींची होती," ती म्हणाली. "आता मारा गाठ. घट्ट मारा."

गाठ त्यानं मारली, ओझं उचलणाऱ्या दोरीला मारतात तशी. स्टुलावर चढून एक टोक खुंटीला बांधलं आणि नट फेकला. तो भिंतीला आपटून त्याच्याच पायाशी आला. "ती एका झटक्यात टाकायची," पलीकडून टिप्पणी आली. दुसऱ्यांदा तो भिंतीवरून गेला आणि खणकन वाजला. "बादली फोडा माझी! फोडा!" मग सरपटल्यासारखा आवाज, काठीचा, चपलांचा, आणि त्याच्या हातातली दोरी हलली. हळूच, कुणी बाही धरून बोलवावं तशी. मग तिनं ताण घेतला. दोरी जमिनीवरून उठली, बादल्यांवरून उठली, भिंतीच्या माथ्यावरच्या खाचेत आपोआप जाऊन बसली आणि सरळ झाली. गाठ भिंतीच्या जराशी अलीकडं आली. त्यानं दोरीवर हात ठेवून दाबलं. पलीकडून धरलेलं होतं. सुटत नव्हतं. इतक्या स्प्रिंगा भरल्या होत्या त्यानं, ताण म्हणजे काय ते त्याच्या मनगटांना कळत होतं, पण माणसानं धरलेला ताण हातात घ्यायची ही पहिलीच वेळ. त्याला वाटलं, आत्ता कुणी ओझं दिलं असतं तर त्यानं डोक्यावर घेतलं असतं.

"शर्ट उलटा करा, आतली बाजू बाहेर. आणि खाली डोकं. घेराला चिमटा लावायचा, शिवणीवर. खांद्याला नाही लावायचा."

"खांद्याला नाही," तो म्हणाला.

"एकदम सगळं घालू नका, माझी बाजू वर जाते. एक तुम्ही, एक मी. माझंही साठलंय सगळं. घालते हो!" आणि दोरी जराशी खाली आली. "आता तुम्ही."

"घालतो हो," तो म्हणाला आणि शर्ट घातला. मग ती. मग तो. असं ते परस भरत गेलं. ऊन निघून जायच्या आत सगळ्या बादल्या रिकाम्या झाल्या. चादरीत वारा शिरला आणि ती पोट फुगवून भिंतीकडं गेली, परत आली. शर्ट डोकं खाली, हात खाली सोडून लोंबत होते, आनंदानं कोलांटी मारताना मध्येच थांबलेल्या माणसांसारखे. तो ओल्या हातांनी दाराच्या पायरीवर बसला. एखाद्या मोठ्या दुकानाचं अडकलेलं शटर एका बोटानं वर जायला लागलं की तो असाच बसायचा, आपण केलेलं पाहत.

रविवारी मुलगी आली ती रिकामी बॅग घेऊनच. बॅग दारात ठेवली, आत आली, थांबली. नाक हललं तिचं. खुर्च्यांच्या पाठी मोकळ्या होत्या. ती सरळ मागच्या दाराकडं गेली. कालच्यातलं जे जाड ते ओलसर राहिलं होतं, ते त्यानं सकाळी पुन्हा बाहेर काढलं होतं, पलीकडचीनं कुरकुरत, रविवार असून, खिडकी उघडली होती. मुलीनं टॉवेल दोरीवरूनच दोन्ही हातांत घेतला आणि त्यात तोंड खुपसलं. ती तशीच राहिली. तो दारात उभा होता. निकाल ऐकायला उभं राहतात तसा, पण आत कुठं भीती नव्हती. तिनं तोंड वर काढलं तेव्हा तिचे डोळे ओले होते.

"आईसारखा वास आहे," ती म्हणाली.

"उन्हाचा आहे," तो म्हणाला.

"तेच."

ती दोरीच्या कडेनं भिंतीपर्यंत गेली, वर पाहिलं, दोरी भिंतीवरून जाताना पाहिली आणि तिला काही विचारायचं होतं, तेवढ्यात पलीकडून हाक आली, "ए पलीकडचे..." आवाज अडखळला, खाकरला. "अहो पलीकडचे! चादर भिंतीला लागतेय तुमची!"

"कोण आहे?" मुलगी दचकून म्हणाली.

"पलीकडची," तो म्हणाला. "जुनी झालीय. जरा कुरकुरते."

मुलगी दोरीकडं आणि त्याच्याकडं पाहत राहिली. लहानपणापासून घरात ऐकलेली ती कुरकुरणारी खुंटी तिला आठवली असावी, बाबा तिच्याबद्दलच बोलताहेत असं वाटलं असावं. ती म्हणाली, "मग तेल घाला की दोन थेंब."

भिंतीपलीकडं कुणीतरी फुटल्यासारखं हसलं. तोही हसला, आणि हसता हसता त्याला भिंत धरून खाली बसावं लागलं. काय झालं, काय झालं म्हणत मुलगी त्याच्याजवळ येऊन बसली, आणि काहीच न कळता तीही हसायला लागली, तिच्या आईसारखी, डोळ्यांतून पाणी काढत. जाताना तिनं बॅग उचलली. ती रिकामीच होती. दारात तिनं त्याच्या खांद्यावरून हात फिरवला, काही झटकायचं असावं तसा. झटकायला काही नव्हतं.

त्यानं सिमेंटची लहान पिशवी आणून ठेवली आहे, थापीही धुऊन ठेवली आहे. भिंतीतलं भोक बुजवायचं अजून राहिलं आहे.